घरच्या वाटेवरचा नाका

१ मे २०२० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्ये साठ वर्षांची झाली. हीरक महोत्सवाच्या त्या दिवशी नवापूरचा नाका बंद होता, तलासरी-भिलाडचा बंद होता आणि सुरत-भुसावळ मार्गावर नेहमीची एकही प्रवासी गाडी धावत नव्हती. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागांत राहणाऱ्या खानदेशी माणसांपैकी ज्यांना गावी जायचे होते त्यांना जाता येत नव्हते. धुळे, नंदुरबार, जळगावच्या खेड्यांत अडकून पडलेल्यांना सुरतेतल्या आपल्या बिऱ्हाडी परतता येत नव्हते. एकाच देशातल्या दोन राज्यांची हद्द इतकी घट्ट मिटू शकते, हे त्याआधी कुणाच्या मनातही आले नसेल.

आता ते दिवस मागे पडले. गाड्या पूर्वीसारख्या भरून धावतात, नाक्यावर फार तर ट्रकांची रांग असते. म्हणूनच हा विषय आत्ता काढायला हवा. साथ पुन्हा येईल, दंगल होईल, पूर येईल, आणि हद्द बंद करण्याचा हुकूम पुन्हा निघेल. तो कधीच निघू नये, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हद्द बंद करण्याचा निर्णय सरकारला सोपा जातो, कारण त्याची किंमत जी माणसे मोजतात ती दोन्हीकडे अर्धी-अर्धी राहतात आणि कुठल्याच बाजूला पुरती मोजली जात नाहीत. जोवर घरी जाण्याची वाट हा हुकूम काढणाऱ्यावरचा बंधनकारक भार होत नाही, तोवर प्रत्येक वेळी हीच माणसे भरडली जातील.

ही माणसे कोण, हे आधी नीट पाहू. सुरत आणि खानदेश यांना ताप्तीचे खोरे जोडते. १९०० च्या सुमारास या खोऱ्यातून रेल्वे आली आणि जाणे-येणे सोपे झाले. पुढे सुरतेचा कापडधंदा वाढत गेला, तसतशी कोरडवाहू खानदेशातली माणसे इकडे ओढली गेली. कुणी डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये लागला, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सले बांधायला, कुणी रिक्षा घेतली. बायका घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावू लागल्या. महापालिकेच्या मराठी शाळा निघाल्या, श्रावणात कानबाई बसू लागली, गणपतीची मंडळे झाली. खानदेशात जन्मलेली माणसे इथून आमदार-खासदार झाली. हे सगळे खरे असले, तरी बहुतेक घरांचा कारभार आजही दोन ठिकाणी चालतो. एक भाऊ मिलमध्ये, दुसरा शेतावर. म्हातारी आई गावी, नातवंडे सुरतेच्या शाळेत. पेरणीला पैसा सुरतेहून जातो, ज्वारी-डाळ गावाहून येते. कमाई इथे होते. सोयरीक, जमिनीची वाटणी, कुलदैवत आणि मरण हे सारे तिकडे.

दुसरा मोठा समूह ऊसतोड्यांचा. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातून आणि डांगातून हजारो जोड्या दरवर्षी दिवाळीनंतर बारडोली, मढी, चलथाण, सायणच्या साखर कारखान्यांच्या उसावर येतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम ‘कोयता’ म्हणून मोजतो, उचल आधी देतो, आणि हंगामभर ही जोडी मुलाबाळांसह शेताच्या कडेला पाल ठोकून राहते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातेतल्या या मजुरांवर अनेक दशके काम केले. यांतली महाराष्ट्रातून येणारी माणसे वर्षाचे सहा महिने एका राज्याची साखर पिकवतात आणि मतदार मात्र दुसऱ्या राज्याचे असतात, ही विसंगती त्याच्या लिखाणाच्या आधीपासूनची आहे आणि नंतरही टिकून आहे.

तिसरा समूह हद्दीवरच राहतो. मुंबई राज्याची फाळणी झाली तेव्हा पश्चिम खानदेशाचा काही भाग, आजचा उच्छल-निझरचा पट्टा, सुरत जिल्ह्यात गेला. २००७ पासून तो तापी जिल्ह्यात आहे. रेघ भाषेच्या नावाने आखली गेली, पण ती जिथून गेली तिथे लोक मावची, भिली बोलत होते. गुजरातेतले गामीत आणि महाराष्ट्रातले गावित एकाच समाजाचे. बाजार नवापूरचा, शेत उच्छलचे, सून निझरची, लेक अक्कलकुव्यात दिलेली. नवापूरच्या रेल्वे स्थानकातूनच हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात येते, स्टेशनमास्तरची कचेरी गुजरातेत, आणि गाड्यांची सूचना चार भाषांतून दिली जाते. साठ वर्षे लोकांनी ही रेघ ओलांडली ती तिच्याकडे लक्ष न देता. ती नकाशावर होती, दारूबंदीच्या तपासणीत होती, रेशनकार्डावर होती, पायाखाली नव्हती.

मार्च २०२० मध्ये ती पायाखाली आली. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून प्रवासी गाड्या थांबल्या. २३ तारखेला महाराष्ट्राने राज्यभर संचारबंदी लावून जिल्ह्यांच्याही सीमा बंद केल्या. २४ तारखेच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली आणि ती चार तासांत लागू झाली. २९ मार्चला केंद्रीय गृहखात्याने राज्यांना आदेश दिला, की मजुरांची ये-जा थांबवा, राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद करा, मालवाहतूक तेवढी चालू ठेवा. ट्रकमधून कांदा हद्द ओलांडू शकत होता. कांदा पिकवणाऱ्याचा सुरतेतला मुलगा ओलांडू शकत नव्हता.

सुरतेत याचा उद्रेक झाला तो देशाने पाहिला. १० एप्रिलच्या रात्री लसकाण्यात मजूर रस्त्यावर उतरले, नंतर वराछात बसून राहिले, २८ एप्रिलला खजोदला डायमंड बोर्सच्या बांधकामावर आणि ४ मे रोजी कडोदऱ्याजवळच्या वरेलीत पोलिसांशी झटापट झाली. त्यांची मागणी एकच होती, घरी जाऊ द्या. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारच्या या मजुरांकडे कॅमेरे वळले ते योग्यच होते, कारण त्यांचे घर हजार-पंधराशे किलोमीटरवर होते. खानदेशी माणसाचे दुःख मात्र त्या गदारोळात दिसलेच नाही. त्याचे गाव दोनशे किलोमीटरवर, एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात. त्या अंतराच्या भरवशावरच त्याने आपले आयुष्य दोन राज्यांत मांडले होते. ओडिशाचा मजूर वर्षातून एकदा घरी जातो आणि त्या हिशेबाने मनाची तयारी करतो. खानदेशी माणूस आई आजारी पडली की रात्रीची गाडी धरतो. ज्याचे घर जवळ, त्याच्या आयुष्यात ये-जा अधिक घट्ट विणलेली असते. म्हणून हद्द मिटल्यावर त्याचे अधिक धागे तुटतात.

२६ एप्रिल २०२० ला आखाजी होती. उर्वरित महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून ठाऊक आहे. खानदेशात तो सासुरवाशिणीचा सण आहे. भाऊ मुराळी होऊन जातो, बहिणीला माहेरी आणतो, झोके बांधले जातात, गौराई बसते, आणि पितरांच्या नावाने घागर भरली जाते. सुरतेत दिलेल्या किती लेकी त्या वर्षी माहेरी गेल्या नाहीत, याची नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात सापडणार नाही. एक सण चुकला तर काय बिघडले, असे कुणी म्हणेल. पण सासरी राहणाऱ्या बाईला वर्षातून एकदा आपल्या माणसांसमोर मन मोकळे करता येते, अंगावरचे वळ दाखवता येतात, आजार सांगता येतो, ती वेळ हीच असते. टाळेबंदीत घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्याचे राष्ट्रीय महिला आयोगाने त्याच एप्रिलमध्ये सांगितले होते. माहेरची वाट हे खेड्यातल्या बाईचे सगळ्यात जुने संरक्षण आहे. हद्द बंद करताना ते संरक्षण आपण काढून घेतो, हे हुकूम लिहिणाऱ्याच्या ध्यानातही नसते.

आणि मरण. बापाला खांदा देता आला नाही, आईचे शेवटचे दर्शन मोबाइलच्या पडद्यावर घ्यावे लागले, दशक्रियेला घाटावर चारच माणसे होती, असे सांगणारी घरे सुरतेच्या प्रत्येक गल्लीत आहेत. माणूस मरणाच्या ओढीने किती धोका पत्करतो, याचे सर्वांत भीषण उदाहरण याच हद्दीवर घडले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात जमावाने तिघांचा जीव घेतला. दोन साधू आणि त्यांचा चालक मुंबईहून सुरतेला एका अंत्यविधीसाठी निघाले होते. टाळेबंदीत हमरस्ता सोडून ते आडवाटेने गेले आणि दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ वनखात्याच्या नाक्यावर अडले. गावोगाव मुले पळवणाऱ्यांच्या अफवा पसरलेल्या होत्या. त्या हत्येचे पातक मारणाऱ्यांचेच आहे, ते दुसऱ्या कशावर ढकलता येणार नाही. पण ती माणसे त्या रात्री त्या रानात का होती, हा प्रश्नही खरा आहे. अंत्यविधीला जाणाऱ्याला उजळ माथ्याने जाण्याची सरळ वाट असती, तर तो अंधारातली वाट कशाला शोधेल?

समुद्राकडेही हेच झाले. डहाणू-तलासरीचे खलाशी दरवर्षी सौराष्ट्रातल्या बंदरांवर मासेमारीच्या बोटींवर कामाला जातात. टाळेबंदीत बोटीनेच घराकडे निघालेल्या शेकडो खलाशांना उंबरगाव-नारगोळच्या किनाऱ्याजवळ येऊनही उतरता येईना. डोळ्यांसमोर किनारा, पण कोणत्या राज्याने त्यांना उतरवून घ्यायचे याचा निर्णय व्हायचा होता.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे. साथ पसरत होती. लोक गावोगाव गेले असते, तर जिथे डॉक्टर नाही तिथे मरणे वाढली असती. हद्द बंद करणे क्रूर असेल, पण ते शहाणपणाचे होते. या आक्षेपाला भावनेने उत्तर देता येणार नाही, वस्तुस्थितीनेच द्यायला हवे.

२४ मार्चला देशातल्या ज्ञात रुग्णांची संख्या पाचशेच्या आसपास होती. १ मे रोजी पहिली श्रमिक गाडी सुटली, तेव्हा ती पस्तीस हजारांवर गेली होती. म्हणजे संसर्ग विरळ होता तेव्हा लोकांना अडवले, एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जणांना पाच आठवडे कोंडले आणि संसर्ग दाट झाल्यावर गाडीत बसवले. लिंबायत हा सुरतेतला पहिल्या मोठ्या हॉटस्पॉटपैकी एक ठरला, तो याच दाटीमुळे. देशातल्या तीन नामांकित सार्वजनिक आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी २५ मे २०२० रोजी काढलेल्या संयुक्त निवेदनात हेच म्हटले होते, की सुरुवातीला, प्रसार फार कमी असताना, मजुरांना घरी जाऊ दिले असते तर पुढची परिस्थिती टळू शकली असती. बंद हद्दीने संसर्ग गावाबाहेर ठेवला नाही. तिने त्याचा प्रवास लांबवला आणि दरम्यान तो वाढू दिला.

सुरतेला याआधीचाही एक अनुभव आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उठली. चार-पाच दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. कुणी त्यांना नाक्यावर रोखून ठेवू शकले नाही. जगभर भीती पसरली, अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली. तरीही साथ दोनेक आठवड्यांत आटोक्यात आली, देशभरात साथीने घेतलेले बळी पन्नासच्या घरात राहिले. कोरोनाला टेट्रासायक्लिनसारखे औषध नव्हते, त्यामुळे १९९४ चा दाखला देऊन २०२० मध्ये सगळे मोकळे ठेवायला हवे होते, असे म्हणणे चूक ठरेल. त्या साथीचा धडा वेगळा आहे. सुरत वाचली ती औषधाने, आणि सावरली ती १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात झालेल्या गटारांच्या, कचऱ्याच्या, वस्त्यांच्या कामाने. माणसे जिथे राहतात ती जागा सुधारणे हे साथीवरचे खरे काम. ते महाग असते आणि त्याला वेळ लागतो. नाका एका रात्रीत उभा राहतो आणि सरकारने काहीतरी केले, असे लगेच दिसते.

हद्दबंदीचा मोह कुठून येतो ते इथे कळते. सुरतेचा मिलमजूर शिरपूर किंवा अमळनेरचा मतदार असतो. गांधीनगरला त्याच्या मताची धास्ती नाही. मुंबईच्या सरकारला तो मतदानापुरता आपला; त्याचे रोजचे जगणे दुसऱ्याच्या हद्दीत, म्हणून त्याची जबाबदारीही दुसऱ्याची. २९ एप्रिलला केंद्राने अडकलेल्यांना जाऊ देण्याचा आदेश काढला, तेव्हा पाठवणारे आणि घेणारे अशा दोन्ही राज्यांची संमती लागेल, अशी अट घातली. कागदावर ही अट रास्त दिसते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा झाला, की माणसाला आपल्याच घरी जाण्यासाठी दोन सरकारांचा होकार मिळवावा लागला, आणि यांपैकी एकाने जरी उशीर केला तरी त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती. पुढेही हेच चालू राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने गुजरातेतून येणाऱ्यांना चाचणीचा अहवाल सक्तीचा केला. एप्रिल २०२१ मध्ये गुजरातने बाहेरून येणाऱ्यांना. दिवसभराच्या मजुरीहून महाग चाचणी करून कुणी भावाच्या हळदीला जात नाही.

राज्यघटना या बाबतीत गप्प नाही. एकोणिसावे कलम नागरिकाला देशभर मुक्त संचाराचे स्वातंत्र्य देते आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही देते. सातव्या परिशिष्टातल्या केंद्राच्या यादीत एक्क्याऐंशीवी नोंद आहे ती आंतरराज्यीय स्थलांतराची आणि आंतरराज्यीय विलगीकरणाची. दोन राज्यांमधल्या साथबंदीचे नियम दोन शेजाऱ्यांनी आपापसांत झगडून ठरवायचे नाहीत, ते केंद्राने ठरवायचे, असा घटनाकारांचा विचार स्पष्ट दिसतो. प्रत्यक्षात २०२० मध्ये वापरले गेले ते दोन कायदे. एक १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबई-पुण्याच्या प्लेगात घाईने झाला, ज्याने सरकारला रेल्वे प्रवाशांची तपासणी करण्याचे अधिकार दिले आणि ज्या काळातली दांडगाई महाराष्ट्र आजही रँडच्या नावाने ओळखतो. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याचे बारावे कलम निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांची किमान मानके ठरवायला सांगते. माणसाला त्याच्या माणसांपर्यंत पोचू देण्याबद्दल त्यात एक शब्द नाही. आपत्तीतल्या माणसाला छप्पर आणि खिचडी दिली की संपले, अशी कायद्याची समजूत आहे.

वाट ठेवणे शक्य असते, याचा पुरावा त्याच वर्षी मिळाला. कर्नाटकाने केरळकडचे रस्ते मातीचे ढीग टाकून बंद केले, तेव्हा कासरगोडच्या रुग्णांना मंगळुरूच्या इस्पितळांत पोचता येईना. केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिलला रुग्णांसाठी रस्ता मोकळा करायला सांगितले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ७ एप्रिलपर्यंत तलपाडीच्या नाक्यावरून रुग्णांना नेण्याचे निकष ठरले. आठवडाभरात ठरू शकणारी गोष्ट आधी ठरलेली नव्हती, एवढाच त्यातला दोष. आणि त्या आठवड्यात जीव गेले. जर्मनीतले कॉन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडमधले क्रॉइझलिंगेन ही जुळी शहरे आहेत. मार्च २०२० मध्ये तिथे कुंपण पडले, पलीकडची माणसे जाळीशी येऊन भेटू लागली, तर मध्ये दुसरे कुंपण टाकले गेले. मे महिन्याच्या मध्यात ते निघाले आणि जोडप्यांना, नातलगांना ये-जा करू दिली गेली. तिथल्या लोकांचा सरकारवर दबाव होता, कारण दोन्हीकडचे रहिवासी आपापल्या नगरपालिकेचे मतदार होते. नवापूर-उच्छलचा गावित किंवा लिंबायतचा पाटील असा दबाव कुणावर आणणार?

याहून जुना आणि याच मातीतला एक दाखला आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाबरोबर महाराष्ट्रातले अनेक तरुण होते, सुधीर फडके त्यांच्यांत होते. दमणहून तिथे जायचे तर मध्ये भारताचा मुलूख ओलांडावा लागे आणि भारताने ती वाट बंद केली होती. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल आला. न्यायालयाने भारताला दोषी धरले नाही. पण त्याने एक भेद केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना वाटेचा हक्क नव्हता; खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना तो होता. दोन वैरी सत्तांच्या भांडणातही साधा माणूस वेगळा काढावा लागतो, एवढे त्या निकालाने मान्य केले, आणि ते सुरतेपासून शंभरेक किलोमीटरवरच्या मुलखाबद्दल.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने अटारीचा नाका बंद केला. तो निर्णय कठोर होता. भारतात लग्न करून आलेल्या पाकिस्तानी स्त्रिया आणि त्यांची भारतीय मुले यांची ताटातूट त्याने घडवली. तरीही रीतसर कागदांवर सीमा ओलांडून गेलेल्यांना परतण्यासाठी १ मेपर्यंतची मुदत दिली गेली होती. शत्रुराष्ट्राशी संबंध तोडतानासुद्धा आठवड्याची मुदत देता येते. दोन सख्ख्या राज्यांच्या माणसांना ती चार तासांची मिळाली. साथीला विषाणूचा वेग असतो हे मान्य. पण टाळेबंदी येणार याची चाहूल सरकारला त्या रात्री आठ वाजता लागली नव्हती.

आणखी एक गोष्ट आपण आपल्यालाच सांगायला हवी. सगळे नाके सरकारने उभारले नव्हते. गावांनीही आपापल्या वेशी बंद केल्या, बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, सुरतेहून आलेल्याला शाळेत चौदा दिवस बसवले, काही ठिकाणी तर वेशीवरूनच परत लावले. सुरतेच्या पैशावर ज्या गावांची देवळे रंगली, त्याच गावांना सुरतेचा माणूस विषाणू वाटला. भीती खरी होती, तिच्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पण वरून येणारा हुकूम जेव्हा बाहेरच्याला संशयित ठरवतो, तेव्हा खालीही आपला माणूस बाहेरचा होतो, हे आपण अनुभवले आहे. म्हणून नियम लिहिण्याची जबाबदारी सरकारची असली, तरी तो नियम मागण्याची जबाबदारी सुरतेतल्या मराठी संस्थांची आणि खानदेशातल्या ग्रामपंचायतींचीही आहे.

मागायचे काय, हे नेमके सांगता येते. पहिली गोष्ट परतीची मुदत. राज्यांची हद्द बंद करणाऱ्या कुठल्याही हुकमात किमान तीन दिवसांची मुदत असावी आणि त्या दिवसांत गाड्या बंद न करता वाढवाव्यात. लोकांना जाऊ देण्याचा धोका पहिल्या तीन दिवसांत सर्वांत कमी असतो, हे २०२० ने दाखवले आहे. दुसरी गोष्ट, काही कारणांसाठी हद्द कधीच पूर्ण बंद होऊ नये. जवळच्या नात्यातला मृत्यू, बाळंतपण, गंभीर आजार, आईबापांपासून तुटलेले लहान मूल आणि घरातल्या छळातून बाहेर पडू पाहणारी बाई. यांच्यासाठी दोन्हीकडे चालणारा एकच पास असावा आणि तो देण्याचा अधिकार तहसीलदाराला, मामलतदाराला असावा, राजधानीतल्या सचिवाला नव्हे. तिसरी, हुकमाला कारण आणि शेवटची तारीख लिहिलेली असावी. मुदत वाढवायची तर दोन्ही राज्यांनी एकत्र बसून वाढवावी.

असे एकत्र बसण्याची जागा आधीपासून आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या. पश्चिम विभागाच्या परिषदेत महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव आहेत. तिच्याखाली सुरत, तापी, डांग, वलसाड आणि नंदुरबार, धुळे, नाशिक, पालघर या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांची कायमची समिती करता येईल. कोंबड्यांच्या साथीने या भागाला एकदा हे शिकवलेच होते. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरला झाला आणि पलीकडच्या उच्छलमध्येही पक्षी मारावे लागले. विषाणूने जिल्हा पाहिला नाही, म्हणून दोन्हीकडच्या यंत्रणांना एकाच वेळी कामाला लागावे लागले. माणसांसाठी तसे एकत्र काम कायमस्वरूपी का असू नये?

चौथी गोष्ट शांततेच्या काळातली आहे आणि तीच सर्वांत महत्त्वाची. हद्द बंद झाल्यावर जो तुटतो, तो आधीच दोन अर्ध्या कागदांवर जगत असतो. शिधापत्रिका गावची, खोली सुरतेची. महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना गुजरातेत राहणाऱ्याच्या रोजच्या दुखण्याला पुरत नाही. १९७९ चा आंतरराज्यीय स्थलांतरित कामगारांचा कायदा ठेकेदाराच्या नोंदींवर उभा होता आणि ठेकेदार नोंद करत नव्हते. एका बाबतीत मात्र याच दोन राज्यांनी वाट दाखवली. ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य देण्याचा प्रयोग देशात सुरू झाला, तेव्हा पहिल्या जोड्यांमध्ये महाराष्ट्र-गुजरात होते. माणूस दोन ठिकाणचा असू शकतो, हे रेशनच्या दुकानाने मान्य केले. हीच मान्यता इस्पितळाने, शाळेने, कामगार कचेरीने आणि आपत्तीच्या हुकमाने द्यायची आहे. ज्याची दोन्हीकडे नोंद आहे, त्याला अडवताना दोन्हीकडच्या अधिकाऱ्याला कारण द्यावे लागेल.

जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मजुरांना पंधरा दिवसांत घरी पोचवण्याचे आणि टाळेबंदी मोडल्याबद्दल त्यांच्यावर घातलेले खटले मागे घेण्याचा विचार करण्याचे निर्देश दिले. तोवर अडीच महिने उलटले होते. न्यायालय उशिरा आले याचे कारण नियम लिहिलेला नव्हता, आणि नियम लिहिलेला नसला की नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या हाती सगळे जाते. तो बारा-बारा तास उन्हात उभा असतो, त्याचीही माणसे कुठेतरी अडकलेली असतात, आणि त्याच्यासमोर कुणीतरी हातात मोबाइल धरून, त्यावरचा मृतदेहाचा फोटो दाखवून, मला जाऊ द्या म्हणत असतो. त्या माणसाला सोडावे की परत लावावे, कुणाच्या बापाला खांदा मिळावा आणि कुणाच्या नाही, हे त्याने त्या क्षणी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचे. हा भार त्याच्यावर टाकण्याचा कुठल्याही सरकारला अधिकार नाही. तो विधानसभेने उचलायचा असतो, साथ नसताना, शांतपणे, सगळ्यांसमोर.